अर्ध्या मापाचा रस्ता

१

मंगळवारी सकाळी समीक्षा बिऱ्हाडेने स्क्रीनवर जो गुन्हा बघितला, तो दिसायला मोठा देखणा होता. धुळ्याच्या ईशान्येला, नकाशात जिथे ना रस्ता ना वस्ती, नुसती काळी वावरं, तिथून एक हिरवा ठिपका सावकाश वळणं घेत चालला होता. थांबायचा, मागे फिरायचा, पुन्हा त्याच वाटेने यायचा. कोणी झोपेत चालावं तसा.

तो ठिपका म्हणजे पाण्याचा टँकर होता. गेल्या आठवड्याचा हा माग. आणि त्या वेळी तो टँकर तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, पिंपळनेरच्या वरच्या पाड्यावर पाणी वाटत असायला हवा होता.

"सात दिवस रोज हेच," फोनवर जीवराम शेठ सांगत होते. धुळ्याचे टँकर-कंत्राटदार, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. "आठला पिंपळनेरहून गायब, नऊला धुळ्याजवळ हजर. अकराला परत गायब, बाराला पिंपळनेरला. जाता-येता जीपीएसची वायर उपटतो, मधे पाणी विकतो. यात कोडं काय आहे?"

"ड्रायव्हर काय म्हणतो?"

"नूर महंमद? म्हणतो, मी पाड्यावरच होतो. दुसरं काय म्हणणार तो? टँकर मी कालच यार्डात आणून उभा केलाय, नकाशावरचा त्याचा नंबर तुमच्याकडून बंद करून घेतलाय. उद्या पाच वाजता पोलिसांत तक्रार देतो. तुम्ही फक्त तुमच्या सहीचा कागद पाठवा, नकाशा बरोबर आहे म्हणून."

असे कागद समीक्षाने आजवर चाळीस तरी पाठवले असतील, चहाचा कप खाली न ठेवता. पण या वेळी तिचा हात अडला. ठिपक्याचा वेग ताशी चौदा किलोमीटर होता. चोरी करणारा माणूस घाईत असतो, तो मोकळ्या वावरात एकाच वाटेवर तीन-तीनदा रमतगमत फिरत नाही.

आता हे ठिपक्यांचं काम काय, ते इथेच सांगून टाकलेलं बरं. जळगावातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात सहा हजार गाड्यांचे निरोप येत. टँकर, दुधाच्या गाड्या, केळीचे ट्रक. प्रत्येक गाडीत जीपीएसचा एक डबा. डबा आभाळातल्या उपग्रहांवरून आपली जागा काढतो आणि दर दहा सेकंदांनी, त्याला दिलेल्या नंबरासकट, इकडे कळवतो. म्हणजे मिनिटाला छत्तीस हजार निरोप. गाड्या दोनशे होत्या तोवर सगळं मजेत चाललं. दीड हजार झाल्या, आणि सकाळी सगळ्या एकदम सुरू झाल्या की यंत्रणेचा श्वास कोंडायला लागला. गाडी घाट उतरून जेवायला बसली तरी तिचा ठिपका घाटातच.

तेव्हा समीक्षाने काम बऱ्याच सर्व्हरांत वाटून दिलं आणि दोन नियम घातले. पहिला नियम असा: एका नंबरावर मिनिटभरात जेवढ्या जागा येतील त्यांची सरासरी काढायची, ती एक जागा ठेवायची, बाकीचं फेकून द्यायचं. दुसरा असा: ठिपक्याने एकदम मोठी उडी मारली तर लगेच विश्वास ठेवायचा नाही. तासभर तो लपवायचा. तासाभरानेही तिथेच असला, तर ती जागा खरी मानायची. या दोन नियमांवर सहा हजार गाड्या अशा लोण्यासारख्या धावल्या की कंपनीच्या मालकांनी ऑफिसभर पेढे वाटले. समीक्षाला त्या नियमांचा अभिमान होता, आणि का नसावा?

ती निघायची तयारी करत होती तेवढ्यात संघपाल सपकाळे तिच्या टेबलाशी आला. स्क्रीनवर नजर ठेवण्याचं काम त्याचं. चार वर्षं तिच्या हाताखाली, अबोल, कामाला चोख.

"ताई, तो नंबर परत कधी चालू होणार?"

"कुठला?"

"टँकरचा. बंद केलेला."

"ड्रायव्हरचं काय ते ठरू दे आधी."

त्याने मान हलवली, मोबाइल पालथा ठेवला, आणि लगेच पुन्हा उचलला.

२

धुळ्यापर्यंत जीप अरशदने चालवली. डबे बसवायचं काम त्याचंच, त्यामुळे त्याला नेणं भागच होतं. मे महिना होता. रस्त्यावर पुढे सारखं पाणी साचल्यासारखं दिसायचं आणि जवळ गेलं की डांबर. समीक्षा त्या खोट्या पाण्याकडे बघत राहिली. डोळे मिटले तर हिरवा ठिपका दिसायचा, उघडले तर हे पाणी.

यार्डात टँकर उभा होता, तापलेला. अरशदने सीटखाली हात घालून बॅटरीचा दिवा लावला.

"सील जसंच्या तसं आहे, मॅडम. वायरला कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"सील काढून परत लावता येतं," मागून जीवराम शेठ म्हणाले.

"हे नाही येत, शेठ. तुटलं की तुटलं. परत लावून दाखवा, मी मिशा उतरवतो."

शेठना ते पटल्यासारखं दिसलं नाही. समीक्षा मात्र सीलकडे नाही, डब्याकडे बघत होती. डब्याचं प्लास्टिक नवंकोरं चकाकत होतं. आणि या टँकरचा नंबर तिच्या यादीत तीन वर्षांपासून होता.

"अरशद, हा डबा कधीचा?"

अरशदने दिवा बंद केला. शेठ सावलीत जाईपर्यंत तो सील चाचपत राहिला.

"गेल्या महिन्यातला," तो हळू आवाजात म्हणाला. "जुना मेला होता. नव्या डब्याला नवा नंबर घ्यायचा म्हणजे कागद. कागद म्हणजे पंधरा दिवस. नंबर नसला की खेप बिलात धरत नाहीत, खेप धरली नाही की गाडी सोडत नाहीत. पंधरा दिवस पाडा कोरडा राहिला असता. म्हणून मी नव्यालाही जुनाच नंबर टाकून दिला. मोबाइल बिघडला तर आपण नंबर बदलतो का?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही कागद मागितला असता."

आणि तिने खरंच मागितला असता.

"जुना डबा कुठे आहे?"

"ऑफिसात. भंगाराच्या खोक्यात."

तिने ते मनात टिपून ठेवलं. वायर कोणी काढली नव्हती, हे नक्की. आणि तरी हा आठ टनांचा टँकर रोज दोनदा, तासतासभर, हवेत विरघळत होता.

३

नूर महंमद पिंपळनेरच्या त्या विहिरीवरच सापडला, जिथे टँकर भरतात. गाडी काढून घेतली होती तरी सकाळी सातलाच येऊन तो कडुनिंबाखाली बसला होता. पंचावन्नचा असेल. सत्तावीस वर्षं हातात स्टिअरिंग, त्यामुळे बसला तरी हात गुडघ्यांवर गोल धरल्यासारखे.

"नूरभाई, मी नकाशावाली," समीक्षा म्हणाली. "तुम्ही सांगा, मी ऐकते."

"काय सांगू मॅडम. शेठनी परवा मोबाइलवर दाखवलं. माझाच नंबर, माझीच गाडी. धुळ्याजवळ." त्याने डोळे चोळले. "पहिल्या दिवशी भांडलो. दुसऱ्या दिवशी विचार केला, मशीनला माझ्याशी काय दुश्मनी? आज सकाळपासून वाटतंय, गेलोही असेन."

"म्हणजे?"

"वय झालंय. कधीकधी गाडी चालवत असतो आणि मधला रस्ताच आठवत नाही. तसं काही होत असेल. वरून बघणारे खोटं कशाला बोलतील?"

चोर म्हटल्यावर चिडणारा माणूस तिला समजला असता. हा तर तिच्या ठिपक्यावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवून बसला होता.

"पाच वाजता उद्या तक्रार झाली की पुढे काय?"

"पाण्याच्या चोरीचा डाग लागला की कोण गाडी देणार? आणि मला दुसरं काय येतं?"

ती त्याला जीपमध्ये घेऊनच पाड्यावर गेली, टँकरच्याच रस्त्याने, आणि सवयीने मोबाइलवर तो रस्ता नोंदवत राहिली. विहिरीपासून नाल्याला वळसा घालणारं एक वळण, मुडपलेल्या कोपरासारखं. मग दोन फाटे. डावा फाटा छोटा, उजवा लांब चढाचा, आणि टोकाला पाडा. सकाळी तीन खेपा, तिन्ही याच वाटेने.

पाड्यावर बायका रिकामे हंडे ओळीत मांडून बसल्या होत्या. टँकर येणार नाही हे माहीत असून. द्रौपदाबाई नावाच्या म्हातारीने समीक्षाला हाताला धरून आपल्या दाराशी नेलं. भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, एकेका दिवसाच्या तीन-तीन.

"हाई देख, पोरी. टँकर रोज येस. बठ्ठा घरस्ना हंडा भरातस. काल नही उना, आज नही उना, रेघ नही." मग तिने नूर महंमदकडे बोट केलं. "हाऊ मानूस आठे नळी धरीसन उभा ऱ्हास. मंग तो धुयाले कसा जाई?"

"शेठ म्हणतात तो धुळ्यालाच जातो, तुम्ही लोक त्याचीच बाजू घेणार," समीक्षा म्हणाली.

"आमी पान्यानी बाजू लेतस," म्हातारी म्हणाली आणि आत निघून गेली.

एकाच वेळी दोन ठिकाणी एक टँकर. समीक्षाने भिंतीवरच्या रेघा पुन्हा मोजल्या. सात दिवस, एकवीस रेघा. म्हातारी खोटं बोलत नव्हती. मग खोटं कोण बोलत होतं? आभाळ?

४

परतताना तिने अरशदला धुळ्याच्या पुढे जीप डावीकडे घ्यायला लावली. गाडीवाट संपली तिथे उतरून ती चालत त्या वावरात गेली, नेमकी त्या जागी, जिथे ठिपका रोज सकाळी असे.

काहीच नव्हतं. नांगरलेली काळी ढेकळं, त्यांना पडलेल्या भेगा. उतरतं ऊन सगळ्यावर पसरलेलं, आणि इतकी शांतता की आपलाच श्वास ऐकू यावा. भरलेला टँकर इथून एकदा जरी गेला असता तरी ढेकळांचा भुगा झाला असता. इथे तर पाखराच्या पावलांशिवाय काही उमटलेलं नव्हतं.

तिला क्षणभर वाटलं, तो टँकर इथेच आहे, आपल्या अंगातून आरपार चाललाय, आणि आपल्यालाच दिसत नाही. ऊन लागलं असावं. तिने ओढणी डोक्यावरून घेतली आणि मोबाइल काढला. ठिपक्याचा सात दिवसांचा माग तिने उघडला, आणि शेजारी आज नोंदवलेला पाड्याचा रस्ता.

मुडपलेल्या कोपरासारखं वळण. मग दोन फाटे, डावा छोटा, उजवा लांब.

"अरशद," ती ओरडलीच. "इकडे ये. हे बघ आणि मला सांग, मी जागी आहे ना?"

अरशद धापा टाकत आला. त्याने एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

"एकच रस्ता आहे, मॅडम."

"एकच आहे. आणि तरी एक नाही. मोज."

त्याने बोटांनी मोजलं. विहिरीपासून पाडा आठ किलोमीटर होता. वावरातला रस्ता, त्याच आकाराचा, त्याच वळणांचा, चार किलोमीटर भरला. कोणीतरी पिंपळनेरचा रस्ता अर्ध्या मापाने बेतून धुळ्याच्या वावरात अंथरला होता.

५

बुधवारी सकाळी समीक्षाने ऑफिसच्या फरशीवर धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांचा मोठा नकाशा पसरला आणि फूटपट्टी घेऊन त्यावर बसली. अंघोळ करतानाच तिला दोरी सुचली होती.

दोघांनी एका दोरीची दोन टोकं धरलीत समजा. एक जण उभाच राहिला आणि दुसरा दहा पावलं चालला, तर दोरीचा मध्य किती हलतो? पाच पावलं. चालणाऱ्याने वळण घेतलं की मध्यही वळण घेतो, तेच वळण, पण निम्मं. वेगही निम्मा. टँकर ताशी अठ्ठावीसने धावत असेल तर मध्य चौदाने जाणार.

म्हणजे वावरातला ठिपका हा टँकर नव्हताच. तो दोरीचा मध्य होता. दोरीचं एक टोक पाड्यावर, नूर महंमदच्या हातात. मग दुसरं?

तिने पट्टी पाड्यावर ठेवली, वावरातल्या जागेतून रेघ ओढली, आणि तेवढंच अंतर पुढे मोजलं. पेन्सिल जळगावात येऊन टेकली. तिने दुसरी जागा घेतली, तिसरी घेतली, सात दिवसांच्या सात घेतल्या. सगळ्या रेघा मेहरूण तलावाच्या काठावर येऊन थांबल्या.

पेन्सिल तशीच हातात राहिली. मधली जागा काढणारं या सगळ्या यंत्रणेत एकच होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. एका नंबरावर येतील त्या सगळ्या जागांची सरासरी. एक नंबर म्हणजे एक गाडी, हे तिने धरूनच चाललं होतं. एका नंबरावर दोन डबे बोलायला लागले तर तिचा नियम बापडा दोघांच्या मधोमध तिसराच ठिपका उभा करी, आणि दोन्ही खरे फेकून देई. आणि तो ठिपका जाग्यावरून उडाला की तिचा दुसरा नियम त्याला तासभर लपवी. वायर उपटलेली नव्हतीच. तो तास तिनेच खाल्ला होता.

पेढे आठवून तिला शरम वाटली. ती उठली आणि भंगाराचं खोकं पालथं केलं. तुटके चार्जर, मुंग्यांनी घर केलेला एक माउस, तीन मेलेले डबे. टँकरचा जुना डबा नव्हता.

तो मेला नव्हता तर. कोणीतरी त्याला जिवंत केलं होतं, आणि तो आठवडाभर मेहरूणच्या काठाने रोज सकाळी फिरत होता. मेहरूणला राहणारे ऑफिसात दोघं, अरशद आणि संघपाल. पण डबा हरवल्याचं अरशदला माहीत असतं तर त्याने आपण होऊन खोक्याचं नाव कशाला घेतलं असतं? आणि दुसरी गोष्ट. दोन दिवस जो तो तिला ड्रायव्हरचं विचारत होता. नंबराचं एकानेच विचारलं होतं.

संघपालची खुर्ची रिकामी होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. तिने त्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, आणि ती काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, धावणाऱ्या माणसाचा.

"ताई, नाना सापडत नाहीयेत."

६

यादव नाना म्हणजे संघपालचे वडील. आयुष्यभर बांधकाम खात्यात रस्त्यावर काम केलेले, गेल्या दोन वर्षांत एकेक गोष्ट विसरत चाललेले. आधी औषधं, मग नावं, मग घर. एक चालणं तेवढं विसरले नव्हते. रोज आठला निघत, तलावाच्या काठाने फिरत, अकराच्या आत येत. आज पावणेदोन झाले होते, पारा पंचेचाळीसला टेकला होता, आणि नाना आले नव्हते.

"डबा त्यांच्याजवळ आहे?" समीक्षाने विचारलं.

तिकडे पावलं थांबली. "कोपरीच्या आतल्या खिशात. पॉवर बँक लावून शिवलाय. आठला निघताना चालू करायचा, परतले की बंद. तुम्हाला कसं–"

"ते नंतर. नंबर बंद केल्यापासून तुला नाना दिसत नाहीत. बरोबर?"

"सोमवारपासून. निरोप आत येतात ना, तिथेच मी माझी एक छोटी खिडकी ठेवली होती, डब्यावर छापलेल्या कारखान्याच्या नंबरावरून बघायचो. भरकटले की शेजारच्यांना फोन करायचो. मला वाटलं होतं, टँकरचा नंबर बदलला, जुना मेला. सोमवारी तो बंद केला आणि नानाही गेले, तेव्हा कळलं."

समीक्षाने टँकरचा बंद केलेला नंबर पुन्हा चालू केला. स्क्रीन कोरा राहिला. यार्डात टँकर बंद होता म्हणून त्याचा डबाही बंद, एकट्या नानांच्या डब्याचे निरोप येत होते, ती ते येताना बघत होती, पण टँकरची शेवटची जागा धुळ्याची होती आणि आता एकदम जळगाव. मोठी उडी. तिचाच नियम सांगत होता, तासभर थांबा, मग विश्वास ठेवू.

तासभर. या उन्हात. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली, नियमाची ओळ शोधली आणि पुसून टाकली. सहा हजार गाड्यांचे ठिपके एकदा लवलवले. मग शिरसोलीच्या रस्त्यावर, तलावापासून बऱ्याच पुढे, एक हिरवा ठिपका उमटला. ताशी दोन किलोमीटर.

"शिरसोली रोड. तू आहेस तिथून सरळ. चालतायत, संघपाल. अजून चालतायत."

मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. समीक्षा ठिपक्याकडे बघत बसली. तो थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं, चार. तिला एवढंच कळत होतं की तो थांबलाय. का थांबलाय हे कोणता उपग्रह सांगणार होता? सहाव्या मिनिटाला फोन आला.

"बाभळीखाली बसलेत," संघपाल म्हणाला. "पाणी पितायत, ताई. मला विचारतायत, तू कोणाचा रे."

तिने डोळे पुसले आणि जीवराम शेठना फोन लावला.

"शेठ, खिडकीतून बघा. तुमचा टँकर कुठे आहे?"

"कुठे असणार? समोर उभा आहे, चावी माझ्या खिशात."

"आता मोबाइलवर त्याच टँकरचा नंबर टाका."

शेठनी एकेक आकडा मोठ्याने म्हणत नंबर टाकला.

"मॅडम, हा तर जळगावात दाखवतोय. मेहरूणला. आणि चाललाय."

"मोटरसायकलवर मागे बसून घरी चाललाय," समीक्षा म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं. दोन डबे, एक नंबर, दोरी, दोरीचा मध्य. शेठनी दोनदा समजावून घेतलं. तिसऱ्यांदा ते स्वतःच समजावून सांगायला लागले, तेव्हा तिने ओळखलं की पटलं.

"पण मला कागद लागेल," ते म्हणाले.

"पाठवते. नकाशा चूक होता, चूक माझ्या नियमाची होती, आणि खाली माझी सही."

संघपाल साडेतीनला ऑफिसात आला, डबा हातात घेऊन. त्याने तो तिच्या टेबलावर ठेवला आणि उभाच राहिला.

"दोन दिवस तोंड शिवून बसलास," समीक्षा म्हणाली. तिला राग आला होता, खरा राग. "नूरभाई तिकडे स्वतःला वेडा समजायला लागले होते."

"कळत होतं, ताई. सांगितलं तर डबा जाईल, नोकरी जाईल. दर तासाला ठरवत होतो, आता सांगतो म्हणून." त्याने खाली बघितलं. "माझी चूक आहे. काय करायचं ते करा."

"नानांसाठी म्हणून मागितला असतास, तर मी दिला नसता का?"

"तुम्ही कागद मागितला असता."

तिने टेबलाचा खण उघडला, नव्या नंबराचा कागद काढला आणि गाडीच्या नावाच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, यादव सपकाळे. मग डबा त्याच्याकडे सरकवला.

"मालकांपुढे उद्या तू स्वतः सांगायचं. सगळं. मी शेजारी उभी राहीन, पण सांगायचं तू."

७

चारला तिने नूर महंमदला फोन केला. तो विहिरीवरच होता.

"नूरभाई, तुम्ही कुठेही गेला नव्हतात. टँकर पाड्यावरच होता, सातही दिवस. आमचीच चूक. शेठनी तक्रार फाडली."

पलीकडे बादलीचा आवाज, कोणीतरी पाणी शेंदत असावं.

"नूरभाई?"

"बरं झालं मॅडम, आत्ता फोन केलात. पाचला मी कबूल करून टाकणार होतो."

"कबूल? न केलेलं?"

"न केलेलं कसं म्हणू? माझी बीवी, शहजादी, धुळ्याला आहे. कब्रस्तानात. दोन वर्षं झाली, मी गेलो नाही. उन्हाळ्यात टँकरला सुट्टी नसते, आणि पावसाळ्यात वाटायचं, आता कोणत्या तोंडाने जाऊ. पण सकाळी पाड्यावर नळी धरून उभा असतो ना, हंडे भरतात तोवर, तेव्हा मी रोज तिच्याजवळच असतो." मागे बादली टेकल्याचा आवाज आला. "शेठनी मोबाइल दाखवला तेव्हा वाटलं, तेवढंच दिसलं असेल वरून."

सहा हजार ठिपके समोर चालत होते आणि समीक्षाला त्यातला एकही नीट दिसत नव्हता.

"उद्या जाऊन या," शेवटी ती म्हणाली. "शेठशी मी बोलते. उद्याच जा."

"उद्या नको, बेटी. तीन दिवस पाडा कोरडा आहे. उद्या त्यांना पाणी देतो." त्याने तिकडे कोणाला तरी बादली बाजूला घ्यायला सांगितली. "शुक्रवारी जाईन."